हरणं पळाली होती

माझ्या तोंडून हे आजवर एकदाही बाहेर पडलेलं नाही. नाशिकला आई अंथरुणाला खिळली होती, शेवटचे दिवस होते, आणि ती मला म्हणाली, "मिलिंद, तुझ्या मनात काहीतरी आहे" — तेव्हाही मी "काही नाही गं" म्हणालो. देवापुढे हात जोडतो तेव्हा एवढं सोडून बाकी सगळं बोलतो, जणू त्यालाही ठाऊक नसावं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. शुभांगीलाही ओळखत नाही.

शुभांगी माझी बायको. जनावरांची डॉक्टर आहे — आहे म्हणू की होती? पदवी आहे, हात आहेत, डोळा आहे, पण गेली सात वर्षं तिनं एकाही जनावराला हात लावलेला नाही. इथं कुवेतमध्ये, सलवा भागातल्या एका शाळेत ती जीवशास्त्र शिकवते. चांगलं शिकवते म्हणतात. दुपारी ती घरी येते, चपला काढते, हात धुते. पूर्वी हात धुवायची ते कोपरापर्यंत. हे मला रोज दिसतं. रोज.

ती नगर जिल्ह्यातली. वडील वनखात्यात होते, त्यामुळे तिचं लहानपण माळरानावर, काळविटांच्या मागे गेलं. लग्न होऊन माझ्याबरोबर कुवेतला आली तेव्हा आमच्या ओळखीतल्या बायका हसल्या होत्या — वाळवंटात ही कुणाला औषध देणार, उंटांना? पण शहरापासून दूर, वाळवंटात, सरकारचं एक मोठं राखीव रान आहे. चारी बाजूंनी कुंपण. त्यात रीम जातीची हरणं पाळली होती. आपल्याकडच्या चिंकाऱ्याची चुलत भावंडं म्हणा, फक्त रंग इतका फिकट की उन्हात उभी राहिली तर आधी त्यांची सावलीच दिसते. एके काळी ती मोकळ्या वाळवंटात होती. मग जीपगाड्या आल्या, बंदुका आल्या, आणि बाहेरची संपली. उरली ती कुंपणातली. शुभांगीला तिथं नोकरी लागली. महबूल्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती संध्याकाळी शिरायची ती धुळीनं पांढरी होऊन, अंगाला चाऱ्याचा आणि लेंड्यांचा वास. इरा तेव्हा लहान होती, ती नाक दाबून आईला मिठी मारायची.

मी इतका सुखी पुन्हा झालो नाही. पण तेव्हा मला ते कळत होतं का? नाही. खरं सांगायचं तर मला थोडा तिचा हेवा वाटायचा.

मी हिशेबाचा माणूस. बांधकामाचं सामान आणणाऱ्या एका कंपनीत तेव्हाही होतो, आजही आहे. मालकांना सगळे बू मिशारी, म्हणजे मिशारीचे वडील, म्हणतात. भले गृहस्थ. पण ऑफिसात मी म्हणजे भिंतीवरचं घड्याळ — गरज लागली की लोक बघतात, एरवी नाही. घरी आलो की शुभांगी सांगणार — आज एका मादीला पाडस झालं, आज एका नराचं शिंग मोडलं. आणि तू रे? मला सांगायला काही नसायचं.

मग त्या राखीव रानात हरणं फार झाली. पावसाळी झुडपं त्यांनी बुडख्यापर्यंत खाल्ली, रोगराई सुरू झाली. काय करायचं यावर महिनोन्‌महिने वाद चालले. काही जनावरं गोळी घालून कमी करावीत असं काहींचं म्हणणं. काही म्हणत, लोकांच्या खासगी फार्मवर देऊन टाका. शुभांगीचं म्हणणं वेगळं होतं — थोडी बाहेर सोडा. जमीन सरकारचीच आहे, शिकारीला बंदी आहे, गळ्यात पट्टे घाला, लक्ष ठेवा. तिथले प्रमुख बू नासर म्हणून एक वयस्क कुवेती होते. ते म्हणाले, "डॉक्टर, बाहेर लांडगे नाहीत, पण गाड्या आहेत." ती अख्खा हिवाळा त्यांच्याशी भांडली. ती घरी यायची तीसुद्धा भांडतच. "कुंपणातलं हरीण म्हणजे बकरीच की रे," असं मला म्हणायची, जणू मीच परवानगी देणार होतो.

शेवटी बू नासर कबूल झाले. फक्त एक म्हणाले, जबाबदारी तुमची. ती म्हणाली, माझी.

नऊ हरणं सोडली. त्या दिवशी मीही गेलो होतो. फाटक उघडलं तरी बराच वेळ एकही बाहेर पडेना. मग एका मादीनं पाय बाहेर टाकला, परत घेतला, पुन्हा टाकला. शुभांगीनं माझ्या शर्टाची बाही घट्ट धरली होती. शेवटचं हरीण उतारापलीकडे दिसेनासं झालं, तरी तिनं ती सोडली नाही.

पट्टे दिवसातून दोनदा ठिकाण कळवायचे, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. बॅटरी वाचावी म्हणून. ती ठिकाणं फोनवरच्या नकाशावर ठिपक्यांसारखी दिसत. शुभांगीचा फोन धुळीनं सारखा बंद पडायचा, म्हणून तिनं ते माझ्याही फोनवर चालू करून दिलं होतं. कुणाला दाखवू नकोस, असं ती म्हणाली नाही. म्हणायची गरज तिला वाटली नव्हती.

आता मला पुढचं सांगायला हवं. मी उगाच रेंगाळतोय.

इथं हिवाळ्यात लोक वाळवंटात तंबू ठोकतात. आठवड्याच्या सुट्टीला सगळं खानदान तिथं. त्या वर्षी बू मिशारींनी पहिल्यांदाच मला बोलावलं. शुक्रवारची दुपार होती. गालिचे अंथरलेले, मधोमध कॉफीची किटली, एका खुंटीवर डोळ्यांवर टोपी घातलेला ससाणा. मोठ्या परातीत भात आणि मटण. मी कडेला बसलो होतो, कुणी हसलं की हसत होतो. माझी अरबी कामापुरती. बोलणं शिकारीवर आलं. बू मिशारी सांगत होते, त्यांचे वडील याच रानात हरणं मारून आणायचे, त्या मटणाची चव त्यांना अजून आठवते. मग म्हणाले, "आता कुठली हरणं. आता सगळी कुंपणात."

आणि मी बोललो. मी म्हणालो, "नाही. बाहेर आहेत."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी सांगितलं — माझी बायको डॉक्टर आहे, तिनं सोडलीत. बू मिशारींचा चेहरा उजळला. म्हणाले, "अल्लाह तिचं भलं करो. राहू दे त्यांना तिथं. कुणाला सांगू नका."

पाहिलंत? त्यांनीच सांगितलं होतं. माझ्या मालकानं, सगळ्यांसमोर, स्वच्छ शब्दांत.

पण त्यांचा पुतण्या तलाल माझ्या शेजारी येऊन बसला. तिशीतला, देखणा, ऑफिसात माझ्या केबिनसमोरून जाताना कधी मान न हलवणारा. त्यानं माझ्या कपात स्वतः कॉफी ओतली. म्हणाला, "मिस्टर मिलिंद, खरंच? मला नाही वाटत." हसून म्हणाला. आणि मी खिशातून फोन काढला.

मला कल्पना नव्हती, असं मी स्वतःला फार दिवस सांगत आलो. कुणाच्या मनात काय आहे, आपल्याला कसं कळणार? पण जेवायला बसायच्या आधी त्याच्या जीपच्या मागे मी बंदुकीची लांब पिशवी पाहिली होती. आणि तो म्हणाला, "जरा मोठं करा ना" — तेव्हा माझं बोट थांबलं. क्षणभरच, पण थांबलं. थांबलं म्हणजे कळलं होतं. मग मी दोन बोटांनी नकाशा मोठा केला. रस्ता दिसू लागला, टेकडी दिसू लागली, तिच्या पायथ्याशी नऊ ठिपके. तो बराच वेळ बघत होता. मी फोन धरून ठेवला होता.

परत येताना मी गाडीत गाणं गुणगुणत होतो. हेही सांगायलाच हवं. मला आनंद झाला होता.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळचे ठिपके आले, संध्याकाळचे आले नाहीत. शुभांगी म्हणाली, नेटवर्क असेल. दुसऱ्या सकाळीही आले नाहीत. मग तिनं गाडीची किल्ली माझ्यापुढे धरली, म्हणाली, "तू चालवतोस?" मी रजा टाकली आणि तिला घेऊन गेलो. आदल्या रात्री वाऱ्याचं वादळ झालं होतं, वाळूवर कसलीही खूण उरली नव्हती. ना खुरांची, ना चाकांची. बू नासरांची माणसं आधीच पोचली होती. टेकडीच्या पायथ्याशी एका खड्ड्यात पट्टे सापडले, कापलेले, ठेचलेले. शुभांगी गुडघ्यांवर बसली आणि एकेक पट्टा वाळूतून काढून ओढणीत ठेवू लागली. त्यातल्या एकाला केस चिकटले होते, फिकट. ते तिनं बोटानं सारखे केले.

मी तिच्या मागे उभा होतो. माझा फोन माझ्या खिशात होता.

त्याच आठवड्यात तलाल माझ्या केबिनमध्ये आला. दार लोटून घेतलं, समोर बसला, आणि सांगू लागला. दोन गाड्या होत्या. तो म्हणाला, त्याला वाटलं होतं पाळीव जनावरं उभी राहतील, सोपं काम होईल. पण गाड्यांचा आवाज आला मात्र, ती उधळली. "काय पळाली, मिस्टर मिलिंद!" टेकडी ओलांडून, पलीकडच्या सपाटीवर, खूप लांब. एक मादी तर दोनदा गाडीला चकवून मागे फिरली. दमून पडेपर्यंत पळाली. मग पट्टे कापून त्यानं पुन्हा टेकडीच्या पायथ्याशी आणून टाकले — कुठवर गेलो हे कुणाला कळू नये म्हणून. हे सांगताना त्याला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटत होतं. तुमचा वाटा काढून ठेवलाय, म्हणाला. मी म्हणालो, नको, आमच्याकडे खात नाहीत. आम्ही खातो. मग तो उठला, आणि मी त्याला "शुक्रन" म्हणालो. आभार. तोंडातून तेच आलं.

चौकशी झाली. शिकारी कोण ते कधी सापडलं नाही. पण समितीला आणखी एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं — हरणं पळाली का नाहीत? कारण पट्टे तर सकाळच्या जागीच सापडले होते. म्हणजे ती जिथं होती तिथंच मारली गेली. मग कुणीतरी म्हणालं, राखीव रानात चारा पांढऱ्या गाडीतून येतो. गाडी दिसली की हरणं जवळ येतात. शिकाऱ्यांचीही गाडी पांढरी असेल. म्हणजे डॉक्टरबाईंनी माणसाळलेली जनावरं बाहेर सोडली. बू नासर तिच्या बाजूनं बोलले, पण उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं.

ती त्या दिवशी घरी आली आणि बाल्कनीत बसली. खाली समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती, ती तिकडे बघत होती. मी चहा नेऊन दिला. ती म्हणाली, "ती पळालीच नाहीत रे. त्यांना वाटलं, चारा आला."

एक वाक्य होतं. माझ्याकडे एकच वाक्य होतं — शुभा, पळाली होती. खूप पळाली. तू म्हणायचीस तशी, रानातल्या हरणांसारखी. एवढं ऐकलं असतं तर ती रडली असती, चिडली असती, पण तुटली नसती. पण पुढचा प्रश्न कुठला आला असता? तुला कसं माहीत?

मी म्हणालो, "चहा निवतोय."

तिनं राजीनामा दिला. बू नासर स्वतः घरी आले, खजुराचा डबा घेऊन, सोफ्याच्या कडेवर अवघडून बसले. म्हणाले, "डॉक्टर, चूक माझीही आहे, मी परवानगी दिली." ती म्हणाली, जबाबदारी मी घेतली होती. मी तिघांसाठी सरबत केलं. दोन भली माणसं माझ्या दिवाणखान्यात बसून माझा गुन्हा आपापसांत वाटून घेत होती, आणि मी त्यांना विचारत होतो, साखर पुरे ना?

भीती होती, ती सांगतो. तलाल मालकाचा पुतण्या, आणि माझा अकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, कंपनीच्या हातात. हे खरं. पण घरात, बायकोला, दार लावून सांगायला कुठला परवाना लागतो? मला तलालची भीती नव्हती. शुभांगी माझ्याकडे कशी बघेल, त्याची होती. तिनं माझ्याकडे तसं बघू नये म्हणून मी तिला स्वतःकडे तसं बघू दिलं.

वर्षं गेली. तलाल कंपनी सोडून दुसऱ्या धंद्यात गेला. मला बढती मिळाली. इरा मोठी झाली, ती आता आमच्याशी बहुतेक इंग्रजीतच बोलते. गेल्या वर्षी शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिनं जेवताना आईला विचारलं, "आई, व्हाय डिडन्ट दे रन?" शुभांगीनं पोळीचा तुकडा खाली ठेवला. म्हणाली, "दे थॉट द कार वॉज मी." इरानं ते लिहून घेतलं. मी आमटी वाढून घेतली.

या हिवाळ्यात त्या राखीव रानातून फोन आला. बू नासर निवृत्त झालेत. नवे लोक आहेत, तरुण, उत्साही. त्यांना पुन्हा हरणं बाहेर सोडायची आहेत, आणि आधीच्या वेळी काय चुकलं ते शुभांगीकडून ऐकायचं होतं. मला वाटलं ती नाही म्हणेल. ती हो म्हणाली. कपाटातून जुने जाड बूट काढून तिनं पुसले. मी तिला गाडीनं घेऊन गेलो आणि मागच्या रांगेत बसलो.

ती तासभर बोलली. काही लपवलं नाही. मी त्यांना चाऱ्याच्या गाडीची सवय लागू दिली, म्हणाली. मला वाटलं होतं, रान त्यांच्या रक्तात आहे, ते आपोआप जागं होईल. तसं होत नाही. ती माझी चूक होती, तुम्ही करू नका. मुलंमुली लिहून घेत होती. स्वच्छ आवाजात, ताठ उभी राहून माझी बायको एक खोटी गोष्ट खरी म्हणून शिकवत होती. आणि ती खोटी आहे हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

नंतर एक तरुण डॉक्टर पुढे आला. फार आदरानं बोलत होता. म्हणाला, मॅडम, तुमच्या अनुभवावरूनच आम्ही नवी पद्धत सुरू केलीय. जी हरणं सोडायचीत त्यांच्यामागे रोज सकाळी आम्ही गाडी घालतो, हॉर्न वाजवतो, म्हणजे त्यांना गाडीची दहशत बसेल. शुभांगीनं विचारलं, झेपतं का त्यांना? तो म्हणाला, गेल्या आठवड्यात एक मादी कुंपणावर आदळली. मान मोडली. गाभण होती. पण बाकीची आता छान घाबरतात.

शुभांगी त्याला म्हणाली, "काळजी घ्या."

आम्ही परतीच्या रस्त्याला लागलो. उजव्या हाताला उघडं वाळवंट, अधूनमधून तंबू. मग ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "तीसुद्धा माझ्यामुळेच गेली, नाही का?"

मी गाडीचा वेग थोडा कमी केला. तिला वाटलं, मी तिच्यासाठी थांबतोय; तिनं मान माझ्याकडे वळवली. मी समोर बघत राहिलो. म्हणालो, "तू तरी काय करणार होतीस."

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. मला म्हणाली, "तू होतास म्हणून निभावलं रे मी हे सगळं."

रस्ता रिकामा होता. गाडीत आम्ही दोघंच होतो.